१४ फुटी होडीवर ट्रोलिंग मोटार: कुंडलिका खाडीसाठी निवड आणि बसवणी

५ ऑक्टोबर: वजन आणि मापे

होडी फायबरची, लांबी १४ फूट, रुंदी दीड मीटर. मागे ९.९ अश्वशक्तीचे आउटबोर्ड, म्हणजे पिछाडीला टांगलेले इंजिन आहे. रेवदंड्याच्या बाजूला कुंडलिकेच्या खाडीत खारफुटीच्या कडेने जिताडा आणि तांबोशी गळाने धरायची, तर तिथपर्यंत आउटबोर्डने जाऊन ते बंद करायचे आणि पुढचे काम आवाज न करता व्हायला हवे. वल्ह्याने ते होते, पण एक माणूस वल्ह्यातच अडकतो. म्हणून विजेची ट्रोलिंग मोटार: उभ्या दांड्याच्या खालच्या टोकाला, पाण्याखाली, पंखा असलेली छोटी मोटार.

मोटार निवडण्याआधी होडीचे भरलेले वजन काढले. रिकाम्या होडीच्या वजनावर हिशेब केला की मोटार हमखास अपुरी पडते.

फायबरचे सांगाडा वजन १४०, आउटबोर्ड ४०, भरलेली टाकी २२, दोन माणसे १५०, गळ, खोका, बर्फ मिळून ३०, नांगर आणि दोर १२, ट्रोलिंग मोटार ११, बॅटरी १३. एकूण ४१८ किलो.

नाळेवरची, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकावरची फळी पाण्यापासून ४२ सेंटीमीटर उंच. हे माप होडी किनाऱ्याला बांधून, पुढे एक माणूस उभा करून आणि दुसरा मधल्या बाकावर बसवून घेतले. रिकाम्या होडीत तीच उंची ५० भरली होती. पुढे दांड्याच्या लांबीचा प्रश्न येतो तेव्हा हे ८ सेंटीमीटर फार महत्त्वाचे ठरतात.

८ ऑक्टोबर: किती पाउंड?

या मोटारींची ताकद अश्वशक्तीत सांगत नाहीत, ढकलण्याच्या जोरात सांगतात, तीही पाउंडांत. प्रचलित हिशेब असा: भरलेल्या वजनाच्या दर १०० पाउंडांमागे २ पाउंड जोर. ४१८ किलो म्हणजे साधारण ९२० पाउंड, म्हणून १८ पाउंड पुरतात. ही संख्या तलावासाठी, वारा पडलेला असताना.

खाडीत ओढ, म्हणजे भरती-ओहोटीचा प्रवाह असतो. आमच्या बाजूला उधाणाला पाणी साडेतीन मीटरहून जास्त चढते आणि तेवढे सगळे सहा तासांत याच तोंडातून बाहेर पडते. त्यात दुपारनंतर पश्चिमेचा वारा. तेव्हा १८ ची दुप्पट ३६ धरली आणि त्यावरची मोटार पाहायला घेतली. १२ व्होल्टवर मिळणारा वरचा टप्पा ५५ पाउंडांचा, म्हणजे सुमारे २५ किलो जोर. त्याच्या वर गेलो की २४ व्होल्ट, म्हणजे दोन बॅटऱ्या. १४ फुटी होडीला ते ओझे नको. ५५ पाउंड ठरले.

मोटार ३० पाउंडांची घेऊन सतत पूर्ण वेगात चालवण्यापेक्षा ५५ ची निम्म्या वेगात चालवणे बॅटरीला आणि मोटारीला दोन्हींना बरे. अर्थात वेग बदलण्याची पद्धत योग्य असेल तरच. स्वस्त मोटारींत ५ पुढचे आणि ३ मागचे टप्पे असतात. खालच्या टप्प्यांत उरलेली वीज एका रोधकाच्या वेटोळ्यात उष्णता म्हणून जाळली जाते. ते वेटोळे मोटारीच्या बुडालेल्या भागात असते, पाण्यानेच गार राहते. मोटार पाण्याबाहेर चालवून पाहिली की ते जळते आणि मग ‘फक्त पाच नंबरवर चालते, बाकी टप्पे गप्प’ ही ओळखीची तक्रार येते. दुसरी पद्धत वीज वेगाने चालू-बंद करून वेग नियंत्रित करणारी. तिची मूठ सलग फिरते, टप्पे नसतात, कमी वेगाला खर्च खरोखर कमी होतो. तीच घ्यायची. मात्र तिच्या आतल्या इलेक्ट्रॉनिक पट्टीला उलट जोडणी अजिबात सहन होत नाही. लाल-काळ्याची एक चूक झाली की पट्टी जाते.

खारे पाणी असल्यामुळे समुद्रासाठी बनवलेलीच मोटार हवी. जस्ताचा अॅनोड, म्हणजे बाकीच्या धातूऐवजी स्वतः झिजणारा तुकडा, पंख्यापाशी; बंद केलेली वीजपट्टी, न गंजणारा दांडा. गोड्या पाण्याची मोटार खाडीत चालते, पण सील आणि नट यांच्याकडून तिचा शेवट सुरू होतो.

११ ऑक्टोबर: दांडा किती लांब

आउटबोर्डमुळे पिछाडीला जागा नाही, आणि तसेही पुढून ओढलेली होडी मागून ढकललेलीपेक्षा वाऱ्यात जास्त सरळ राहते. म्हणून मोटार नाळेवर.

हिशेब असा. फळीपासून पाणी ४२ सेंटीमीटर. फळीवर उभी करायची बैठक १२. मोटारीचा वरचा भाग पाण्याखाली किमान ३०, नाहीतर पंखा वरून हवा ओढतो. नाळ लाटेवर वर-खाली होते त्यासाठी १०. पकडीच्या वर कॉलर (दांड्याची खोली रोखणारे कडे) आणि मुठीला १०. बेरीज १०४. बाजारातले दांडे ३० इंच म्हणजे ७६ सेंटीमीटर, ३६ इंच म्हणजे ९१ आणि ४२ इंच म्हणजे १०७. तेव्हा ४२ इंची.

दुकानांत बहुतेकदा ३० किंवा ३६ इंची दाखवतात, कारण त्या पिछाडीच्या फळीसाठी असतात. नाळ नेहमी पिछाडीपेक्षा उंच असते, शिवाय लाट पहिली तिथेच लागते. दांडा आखूड पडला तर पाउंड कितीही असोत, अर्धा वेळ पंखा फेस घुसळतो.

१२ ऑक्टोबर: बॅटरी

तीन पर्याय तपासले.

मोटारगाडीची बॅटरी: पातळ पट्ट्या, क्षणभर मोठा झटका देण्यासाठी बनवलेली. खोल वापरली की काही महिन्यांत बसते. बाद.

घरच्या इन्व्हर्टरची १५० अँपिअर-तासांची ट्यूब्युलर: खोल वापर सहन करते, सहज मिळते, म्हणून बरेच जण तीच होडीत ठेवतात. पण वजन ५० किलोच्या वर, वरची झाकणे हवा सोडणारी, होडी कलली की आम्ल बाहेर. आणखी एक गोष्ट दुकानदार सांगत नाही. १५० हा आकडा २० तासांत हळूहळू काढलेल्या विजेचा, म्हणजे ७.५ अँपिअरने. ५० अँपिअरने ओढली तर शिशाची बॅटरी तेवढी देत नाही, बरीच कमी देते. शिवाय निम्म्याखाली उतरवली तर आयुष्य घटते.

लिथियम-लोह-फॉस्फेट, १२.८ व्होल्ट, १०० अँपिअर-तास: वजन १३ किलो, ८० टक्के बिनधास्त वापरता येते, ५० अँपिअरलाही क्षमता जवळपास तेवढीच. ही घेतली. आतल्या संरक्षक पट्टीची मर्यादा १०० अँपिअर आहे हे पाहून घेतले. ५० अँपिअरची पट्टी असलेली बॅटरी पूर्ण वेगाला खटकन बंद पडते.

तिचा धोकाही तोच. शिशाची बॅटरी दमत दमत संपते, ही शेवटपर्यंत ताठ उभी राहते आणि एका क्षणी बंद. व्होल्टेज पाहून शिल्लक कळत नाही. म्हणून निगेटिव्हच्या बाजूला शंट (प्रवाह मोजण्यासाठीचा छोटा रोधक) आणि अँपिअर-तास मोजणारा छोटा मीटर लावायचा. चार्जर १४.४ ते १४.६ व्होल्टचा, लिथियमसाठीचाच. जुन्या इन्व्हर्टर चार्जरवर ही लावू नये.

१८ ऑक्टोबर: नाळेच्या फळीला खालून आधार

नाळेची फळी ५ मिलिमीटर फायबर, आत गाभा नाही. हिशेब केला: २५ किलो जोर, फळीपासून पंख्याच्या मध्यापर्यंत साधारण ८७ सेंटीमीटर. म्हणजे फळीवर २२ किलो × मीटर पिरगळ. बोल्टांच्या पुढच्या-मागच्या जोडीत १६ सेंटीमीटर अंतर ठेवले तर एका जोडीवर सुमारे १३६ किलो ओढ, एका बोल्टवर ६८. हे सरळ पाण्यात. पंखा बुडक्या खुंटाला धडकला तर त्याच्या कितीतरी पट. नुसत्या वॉशरवर ५ मिलिमीटर फायबर हे झेपत नाही; आधी बोल्टाभोवती कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेषा दिसतात, मग भोक लांबते.

खालून १८ मिलिमीटर मरीन प्लायवूड लावले, आयएस ७१० शिक्क्याचे, ३२० × २४० मिलिमीटर. कडा गोल घासल्या. सगळ्या बाजूंनी, विशेषतः कडांना, पातळ इपॉक्सी पाजली.

फळीची खालची बाजू आधी अॅसिटोनने पुसली आणि मग ८० नंबरच्या पॉलिश पेपरने घासली. क्रम उलटा करू नये: आधी घासले तर पृष्ठभागावरचे मेण ओरखड्यांत दडपले जाते. सिलिका घातलेली घट्ट इपॉक्सी लावून प्लाय दाबून ठेवला, त्यावर दोन थर कापड. कापड म्हणजे विणलेले. साधी चॉप्ड स्ट्रँड मॅट इथे वापरली नाही. तिचे तंतू धरून ठेवणारा चिकट पदार्थ पॉलिएस्टर रेझिनमधल्या स्टायरीनमध्ये विरघळतो, इपॉक्सीत विरघळत नाही, आणि मॅट नीट भिजत नाही. होडी बांधणाऱ्यांकडे पॉलिएस्टर आणि मॅट असते. जुन्या फायबरवर पकड मात्र इपॉक्सीची जास्त चांगली.

२० ऑक्टोबर: भोके आणि बैठक

बोल्टाचे भोक थेट पाडले नाही. आधी १४ मिलिमीटरचे पाडून ते घट्ट इपॉक्सीने भरले, दुसऱ्या दिवशी त्याच्या मधोमध ८.५ चे पाडले. त्यामुळे सीलंट कधी निसटले तरी पाणी प्लायपर्यंत जात नाही.

बैठक सागाची: आडवा पाया ४० मिलिमीटर जाड, त्यावर उभी फळी ४५ मिलिमीटर जाड, पायासह एकूण उंची १२ सेंटीमीटर. नाळेच्या अगदी टोकाला नांगराचा रूळ आहे, म्हणून बैठक डाव्या अंगाला कडेवर आली. मध्यापासून थोडी बाजूला असली तरी बिघडत नाही, कारण दिशा हातानेच धरायची आहे.

बोल्ट चार, एम-८, ९० मिलिमीटर, ३१६ प्रतीचे स्टेनलेस. खाली रुंद वॉशर, नायलॉक नट (आत नायलॉनचे कडे असलेले, कंपनाने सैल न होणारे). पॉलियुरेथेन सीलंट भोकाभोवती आणि पायाखाली. बोल्ट स्थिर धरून नट फिरवला. बोल्ट फिरवला की त्याच्याभोवतीचे सीलंट फाटते. पहिल्या दिवशी हलकेच आवळले, कडेने सीलंट बाहेर येईपर्यंत. दुसऱ्या दिवशी पूर्ण. स्टेनलेसवर स्टेनलेस सुकेच आणि वेगाने आवळले तर आटे एकमेकांत चिकटून बसतात, मग नट ना पुढे ना मागे. आट्यांना अँटी-सीझ (आटे चिकटू न देणारे वंगण) लावून हातपान्याने आवळावे, ड्रिलमशीनने नव्हे.

२५ ऑक्टोबर: डोके फिरवणे

पिछाडीसाठी बनवलेली मोटार नाळेला लावली की एक घोळ होतो. मूठ आतल्या बाजूला, माणसाकडे येते, आणि ‘पुढे’ केले की होडी मागे जाते. काही जण मग कायम ‘मागे’ वर चालवतात. पंख्याची पाती पुढच्या फिरण्यासाठी वळवलेली असतात, उलट फिरवली की जोर बराच कमी होतो.

योग्य उपाय: डोके दांड्यावर १८० अंशांत फिरवायचे. कॉलरजवळचा आडवा स्क्रू काढला, डोके दोन बोटे उचलले, अर्धा वळसा दिला, पुन्हा स्क्रू. दांड्यातून तारा जातात, म्हणून एकाच दिशेने अर्धाच वळसा. ओढू नये. सगळ्याच मोटारींना ही सोय नसते, विकत घेण्याआधीच विचारावे.

दुसरी गोष्ट जास्त गंभीर. पिछाडीला लावलेली मोटार अडथळ्याला लागली की मागे, म्हणजे होडीपासून दूर उचलली जाऊ शकते. नाळेला तीच मोटार अडथळ्याने होडीकडे ढकलली जाते, आणि तिकडे तिला उचलायची वाटच नाही. सगळा मार दांड्यावर आणि बैठकीवर. म्हणून ओहोटीला कमरेएवढ्या पाण्यात आलो की मोटार वर. दांडा जिथे होडीला टेकू शकतो तिथे १० मिलिमीटर रबर चिकटवले.

पकडीचे स्क्रू कंपनाने सैल होतात. पकडीला आणि नाळेच्या कडीला मिळून ८ मिलिमीटरचा दोर बांधला.

२७ ऑक्टोबर: वायरिंग

ट्रोलिंग मोटारीचा जन्म १९३४ चा, अमेरिकेतल्या नॉर्थ डकोटामधल्या फार्गो गावचा. ओ. जी. श्मिट यांनी फोर्ड मॉडेल-ए गाडीच्या स्टार्टरला दांडा आणि पंखा जोडला. स्टार्टरचा स्वभाव अजून तसाच आहे: व्होल्ट कमी, अँपिअर भरपूर. म्हणून घरच्या वायरिंगचा अंदाज इथे चालत नाही. २३० व्होल्टमधून १ व्होल्ट गेला तर कोणाला कळत नाही. १२ मधून १ गेला तर मोटारीला कळतो.

बॅटरी मधल्या बाकाखाली ठेवली, पट्ट्याने बांधून. पुढे ठेवली असती तर तार आखूड झाली असती, पण नाळेवर आधीच माणूस आणि मोटार आहेत, होडी तोंडावर बसली असती. तारेची लांबी एका बाजूने ३.४ मीटर, जाऊन-येऊन ६.८. तांब्याच्या तारेत ५० अँपिअरला होणारी घट काढली:

६ चौरस मिलिमीटर: सुमारे १ व्होल्ट.
१० चौरस मिलिमीटर: ०.६ व्होल्ट.
१६ चौरस मिलिमीटर: ०.३७ व्होल्ट.
२५ चौरस मिलिमीटर: ०.२४ व्होल्ट.

१६ ची घेतली, कथिल चढवलेली, बारीक तारांची. साधे तांबे खाऱ्या हवेत आवरणाच्या आतून काळे पडत जाते.

पॉझिटिव्हवर बॅटरीपासून वीतभर अंतरात ६० अँपिअरचा डीसी ब्रेकर. घरातला एमसीबी लावू नये. एसी प्रवाह दर चक्रात शून्यावर येतो, त्यामुळे तो ठिणगी विझवू शकतो. डीसीची ठिणगी अखंड असते आणि त्यातच एमसीबी वितळतो. नाळेपाशी १२० अँपिअरचा अँडरसन पद्धतीचा प्लग, म्हणजे मोटार काढून घरी नेता येते.

१ नोव्हेंबर: पाण्यात पहिली चाचणी

भांगाचे पाणी, म्हणजे भरती-ओहोटीत फरक कमी, सकाळी, वारा नाही. दोन दोष लगेच दिसले.

एक: उभी फळी पूर्ण वेगाला डोळ्यांना दिसेल इतकी वाकत होती, वरच्या कडेला सुमारे १२ मिलिमीटर. पाया घट्ट होता, पण पाया आणि फळी यांच्या सांध्याला आधार नव्हता. दोन त्रिकोणी सागाचे टेकू इपॉक्सी आणि स्टेनलेस स्क्रूंनी बसवायचे.

दोन: मोटार पूर्ण वेगाला दमल्यासारखी. क्लॅम्प मीटरवर ४६ अँपिअर, ५० हवे होते. पाच मिनिटांनी नाळेपाशी तारेच्या एका थिंबलला (टोकाला दाबून बसवलेल्या धातूच्या कड्याला) हात लावला, बोट ठेववेना.

२ नोव्हेंबर: व्होल्ट कुठे गेले?

शोधायची रीत अशी. होडी घट्ट बांधायची, मोटार पाण्यात पूर्ण वेगाला चालवायची, आणि मल्टिमीटर २० व्होल्टवर ठेवून प्रत्येक टप्प्याच्या दोन टोकांना लावायचा. प्रवाह चालू असतानाच मोजायचे. बंद असताना सगळीकडे १३ व्होल्टच दिसतात आणि सगळे ठीक वाटते.

बॅटरीच्या खांबांवर १३.१. प्लगवर ११.५. मधले १.६ असे सापडले: दोन्ही तारा मिळून ०.३४, ब्रेकर ०.०८, प्लगचे दोन संपर्क ०.०४, आणि निगेटिव्हचे एक थिंबल एकटे १.१ व्होल्ट. १.१ गुणिले ४६ म्हणजे ५० वॅट, एका चांगल्या सोल्डरिंग आयर्नएवढे, त्या एका सांध्यात.

ते थिंबल पकडीने दाबून बसवले होते. बाहेरून व्यवस्थित दिसत होते. कापून उघडले तेव्हा आत तारांमध्ये मोकळी जागा आणि अर्ध्या तारा काळ्या. नवीन थिंबल हायड्रॉलिक क्रिंपरने षटकोनी साच्यात दाबले, वर चिकट गोंद असलेली आकसणारी नळी. उरलेली सातही थिंबले त्याच दिवशी बदलली. पुन्हा मोजले: प्लगवर १२.६, प्रवाह ४९ अँपिअर. मोटार तीच, बॅटरी तीच, पाण्यातला फरक मुठीला हात लावताच कळतो.

९ नोव्हेंबर: वेग आणि खर्च

टेकू बसवल्यावर फळीचे वाकणे २ मिलिमीटरच्या आत. वेग मोबाइलच्या जीपीएसवर, ओढीच्या दिशेने आणि ओढीविरुद्ध घेऊन सरासरी काढली. एकाच दिशेचा आकडा खाडीत काहीच सांगत नाही.

पूर्ण वेग: ताशी ५.६ किलोमीटर, ५० अँपिअर. ८० अँपिअर-तासांत दीड तासाच्या थोडे वर, ९ किलोमीटर.
मध्यम: ४.३ किलोमीटर, २५ अँपिअर. सव्वातीन तास, १४ किलोमीटर.
हळू: ३.१ किलोमीटर, ११ अँपिअर. सात तास, २२ किलोमीटर.

वेग निम्म्याच्या जवळ आणला तर खर्च पाचव्या हिश्शाच्या जवळ येतो. जिताड्यासाठी कडेने सरकायला हळूच वेग लागतो.

ओढ ताशी ३.७ किलोमीटर, म्हणजे दोन नॉट असेल तर पूर्ण वेगालाही होडी १.९ ने पुढे सरकते. उधाणाच्या भर ओहोटीत ओढ मोटारीला जिंकते. म्हणून तिथीची पाऊणपट करूनच निघायचे: अष्टमीला आठाचे पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमारास पूर्ण भरती. जाताना ओढीविरुद्ध आणि परतताना ओढीबरोबर असा बेत ठेवावा. आउटबोर्डची टाकी कधीही रिकामी ठेवू नये. आणि आउटबोर्ड सुरू करण्याआधी ट्रोलिंग मोटार पूर्ण उचलून होडीतल्या पाळण्यात, म्हणजे तिला टेकवायच्या आधारावर, आडवी. पाण्यात राहिली तर पहिल्याच धावेत दांडा मोडतो.

२३ नोव्हेंबर: सहा फेऱ्यांनंतर तपासणी

पंख्याचा नट काढला. पंख्यामागे मोनोफिलामेंटची दोन हात दोरी गुंडाळलेली निघाली. हा सर्वांत शांत शत्रू: दोरी सीलमध्ये शिरते, सील कापते, मग खारे पाणी आर्मेचरवर, म्हणजे मोटारीच्या आतल्या फिरत्या भागावर. दर दोन फेऱ्यांनी पंखा काढून पाहायचा. पंख्याची आडवी पिन थोडी वाकली आहे, खुंटाला लागल्याची खूण. बदलली. पिन तुटते म्हणून दांडा वाचतो, तिच्या जागी जाड खिळा घालू नये.

जस्ताचा अॅनोड खडबडीत झाला आहे, पाव भाग झिजला. म्हणजे काम करतो आहे. गुळगुळीत आणि नवा दिसत राहिला असता तर त्याचा धातूशी संपर्क तपासावा लागला असता. अर्धा संपला की बदल. त्याला रंग लावायचा नाही.

प्लगच्या संपर्कांवर हिरवट छटा नाही. थिंबले पूर्ण वेगालाही कोमट.

खोक्यात ठेवलेले सुटे भाग: पंखा १, पिना ४, नट २, अॅनोड १, थिंबले ४, १३ नंबरचा पाना, मल्टिमीटर. प्रत्येक फेरीनंतर मोटार गोड्या पाण्याने धुणे, ब्रेकर बंद, प्लग काढलेला.

१ जून ते ३१ जुलै राज्यात यांत्रिक होड्यांना मासेमारी बंदी असते. तेव्हा मोटार काढून घरात उभी ठेवायची, बॅटरी साधारण निम्मी भरून, तारा सोडवून. सागाच्या बैठकीला मेमध्ये तेल आणि चारही नायलॉक नटांची आवळण तपासणे बाकी.